भिजलेले गवत, लांबचा प्रवास आणि रक्त पातळ करणारी गोळी

"उन्हाळ्यात रक्त आपोआपच पातळ होते, मग गोळी कशाला घ्यायची?" हा प्रश्न डहाणू-तलासरीकडे मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की विचारणाऱ्याचा चेहरा आता लक्षात राहत नाही. विचारणारे अडाणी असतात असेही नाही. हृदयाची झडप बदललेली असते, रोज संध्याकाळी ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिनची गोळी चालू असते, आणि एप्रिल-मे आला की हिशेब सुरू होतो. थंडीत हाच हिशेब उलटा. तेव्हा रक्त "गोठते", म्हणून अर्धी गोळी जास्त घ्यावी का, अशी विचारणा होते.

मला वाटते यात निम्मा दोष भाषेचा आहे, आणि भाषा शिकवणे हा माझा धंदा असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. मराठीत तूप गोठते, पाणी गोठते आणि रक्तही गोठते. उर्दूत बर्फ जमते आणि खूनही जमतो. शब्द एकच असल्यामुळे क्रियाही एकच असेल असे मनाने धरून टाकले आहे. तूप थंडीने गोठते हे रोज डोळ्यांसमोर दिसते, मग रक्तही तसेच. आमच्या आजीच्या पिढीतली माणसे रक्त "साकळले" म्हणत, तो शब्द जास्त बरा होता, कारण त्यात बर्फाची आठवण नव्हती. जिवंत माणसाच्या शरीराचे तापमान मे महिन्यातही सदतीस अंशांच्या आसपास आणि डिसेंबरातही तेवढेच. आणि रक्त पातळ करणारी गोळी रक्त पातळ करतच नाही. ताकात पाणी घालावे तसे काही होत नाही. रक्ताची घनता तीच राहते, फक्त त्याला साकळायला वेळ जास्त लागतो.

या समजामागे आणखी एक जुने घर आहे. युनानी तिब्बमध्ये शरीरात चार अख्लात मानले: दम म्हणजे रक्त, बलगम, सफरा आणि सौदा. प्रत्येकाचा मिजाज गरम-सर्द, ओला-कोरडा, आणि प्रत्येक ऋतूत एकाचा जोर. वसंतात रक्ताचा जोर, म्हणून तेव्हा फस्द उघडून रक्त काढायचे. बुकरात, जालीनूस आणि पुढे इब्न सीना यांच्या वाटेने हे आपल्यापर्यंत आले, आणि आपल्या घरांत आजही कोणता पदार्थ गरम आणि कोणता थंड यावर वाद होतात. दोन हजार वर्षांचा विचार आहे, त्याला हसण्याचे कारण नाही. पण ऋतू थेट रक्तावर हात ठेवतो हे त्यातले म्हणणे या गोळीला लागू पडत नाही. ऋतू आणि प्रवास या गोळीचे गणित बिघडवतात, नक्की बिघडवतात, मात्र दुसऱ्याच वाटेने. ती वाट समजायला या गोळीचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो सुरू होतो पावसात भिजलेल्या गवतापासून.

गवत आमच्या भागाला नवे नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या या उत्तर भागातले गवत एकेकाळी मुंबईच्या तबेल्यांत जायचे. पाऊस संपता संपता वारली मजूर जमीनदारांचे गवत कापत. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने जो संप केला तो याच गवतकापणीच्या मजुरीसाठी होता. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. तलवाडा आता विक्रमगड तालुक्यात आहे. हे सांगण्याचे कारण असे की कापलेल्या गवतावर अवेळी पाऊस पडला तर काय होते हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. गंजी आतून तापते, काळी पडते, बुरशी धरते.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात आणि कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात १९२० च्या दशकात नेमके हेच झाले. तिथल्या शेतकऱ्यांनी युरोपातून आलेले स्वीट क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे पीक लावले होते. हलक्या जमिनीत येते, जनावरे आवडीने खातात. याच कुळातली एक वनस्पती युनानी औषधांत इक्लील-उल-मलिक, म्हणजे राजाचा मुकुट, या नावाने ओळखली जाते आणि सूज उतरवायला वापरली जाते. काही वर्षे हंगाम ओले गेले, चारा वाळण्याआधीच बुरशी धरू लागला, आणि गुरे मरू लागली. शिंगे कापली की रक्त थांबेना. बैल खच्ची केला की दुसऱ्या दिवशी मेलेला. फ्रँक स्कोफील्ड नावाच्या कॅनडातल्या पशुवैद्याने चांगला चारा आणि खराब चारा निवडून वेगळा केला आणि सशांना घातला. खराब चारा खाणारा ससा रक्तस्रावाने मेला, चांगला खाणारा जगला. उपाय अगदी सोपा होता: खराब चारा घालू नका. पण पुढे मंदीची वर्षे आली. ज्याच्याकडे दुसरा चाराच नाही तो शेतकरी काळी पडलेली गंजी फेकून कशी देणार?

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या डियर पार्कचा एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळात सुमारे तीनशे किलोमीटर गाडी चालवत मॅडिसन शहरात पोचला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न साकळलेले रक्त आणि खराब चाऱ्याचा ढीग. त्याला सरकारी पशुवैद्याला भेटायचे होते. शनिवार होता, कार्यालय बंद. शोधत शोधत तो विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात गेला. लिंककडेही त्या दिवशी इलाज नव्हता. चारा बंद कर, एवढेच तो सांगू शकला, आणि माणूस त्याच वादळातून परत गेला. पण ते कॅन प्रयोगशाळेत राहिले. सहा वर्षे काम चालले, आणि जून १९३९ मध्ये लिंकच्या गटातल्या हॅरॉल्ड कॅम्पबेलच्या हाती त्या चाऱ्यातल्या विषाचे स्फटिक लागले. ताज्या चाऱ्याला कुमारिन या द्रव्यामुळे गोड वास येतो. बुरशीच्या कामामुळे त्याच कुमारिनचे डायकुमारॉल बनते, आणि ते रक्त साकळू देत नाही.

पुढचे थोडक्यात. १९४८ मध्ये याच कुळातले जास्त तीव्र द्रव्य उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. संशोधनाला पैसा देणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव वॉरफरिन ठेवले. १९५१ मध्ये एका अमेरिकी सैनिकाने जीव देण्यासाठी ते अनेक दिवस खाल्ले, आणि रुग्णालयात के जीवनसत्त्व दिल्यावर तो बरा झाला. उंदराचे विष माणसाला देता येईल आणि त्यावर उतारा हाताशी आहे, हा धीर तिथून आला. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मान्य झाले. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही दिले गेले. आपल्याकडे जास्त चालते ते अॅसेनोक्युमरॉल, म्हणजे ॲसिट्रॉम, याच कुळातले.

मला या कथेत सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे की उष्णतेने किंवा थंडीने एकाही गाईचे रक्त बदलले नव्हते. हवामानाने चारा बदलला आणि चाऱ्याने रक्त. माणसाच्या बाबतीतही तेच आहे.

यकृत रक्त साकळवणारे काही घटक के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करते. वापरून झालेले के जीवनसत्त्व शरीर पुन्हा ताजे करून वापरते. गोळी ही पुन्हा ताजे करण्याची वाट अडवते. म्हणजे रोज एक रस्सीखेच चालू असते: एका टोकाला गोळी, दुसऱ्या टोकाला ताटातून येणारे के जीवनसत्त्व. ते सर्वांत जास्त असते हिरव्या पानांत. आता डहाणू-तलासरीचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात ताटात सुके मासे, डाळ, भाकरी, आंबा. मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत टाकळा येतो, कुरडू येते, अळू, माठ, शेवग्याचा कोवळा पाला. आठवडी बाजारात वारली बाया टोपल्या घेऊन बसतात, भाजी ताजी असते आणि स्वस्त असते. महिनाभर रोज पालेभाजी. तीच गोळी, तेवढीच मात्रा, पण रस्सीचे दुसरे टोक जड झाले. आयएनआर उतरतो आणि झडपेवर गुठळी धरण्याचा धोका वाढतो. इकडे माणूस समजतो की पावसाच्या गारव्याने रक्त गोठले. निष्कर्ष जवळपास बरोबर, कारण साफ चुकीचे. आणि कारण चुकीचे असले की उपायही चुकतो: लोक स्वेटर घालतात, लसूण वाढवतात, भाजी मात्र तेवढीच खातात. भाजी सोडावी असे कोणी म्हणत नाही. प्रमाण आठवड्याला साधारण सारखे ठेवावे, आणि ते बदलणार असेल तर चाचणी लवकर करावी, एवढेच.

पावसाळ्याची दुसरी बाजू याच्या अगदी उलट आहे. पाणी गढूळ होते, जुलाब-उलट्या सुरू होतात, ताप येतो. जुलाबात के जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही, भूक जाते, तापात साकळवणारे घटक लवकर खर्च होतात. आयएनआर चढतो. त्यावर जुलाबाची काही औषधे, विशेषतः मेट्रोनिडाझोल, गोळीचा जोर आणखी वाढवतात. माझे फुफा तलासरीच्या बाजूला हायवेवर पंक्चरचे दुकान चालवायचे. लहानपणी घसा सुजून येणाऱ्या तापातून हृदयाची झडप खराब झाली होती, ती पुढे मुंबईत बदलली. चार वर्षांपूर्वी जुलैत त्यांना जुलाब लागले. जवळच्या एका दुकानातून जुलाबाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या आणल्या, गोळीची वही दाखवण्याचा प्रश्नच आला नाही, कोणी विचारलीही नाही. पाचव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना, मग लघवी लाल. गुजरातच्या हद्दीतल्या एका रुग्णालयात नेले तेव्हा आयएनआर सातच्या पुढे होता. त्यांच्या झडपेला तो अडीच ते साडेतीनमध्ये हवा, आणि गोळी न घेणाऱ्या माणसाचा एकच्या आसपास असतो. के जीवनसत्त्व दिले, वाचले. घरी परतल्यावर फुफींचे म्हणणे एकच: "या दमट हवेने त्यांचे रक्त पाण्यासारखे झाले होते."

यात लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट वेळेची आहे. साकळवणाऱ्या घटकांपैकी काही काही तासांत संपतात, तर प्रोथ्रॉम्बिन संपायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून सोमवारचे जेवण किंवा सोमवारचा जुलाब बुधवारी-गुरुवारी दिसतो. प्रवासाचा हिशेबही बहुधा घरी परतल्यावर लागतो, आणि तोवर माणूस म्हणत असतो की प्रवासात तर काहीच झाले नाही.

आणि प्रवास इथे काही चैन नाही. दिवाळीनंतर तलासरीची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, पोरे ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून महिनोन्‌महिने समुद्रात असतात, आपल्यातले कोणी आखातात. ताट बदलते, पाणी बदलते, झोपेची वेळ बदलते. बोटीवर पालेभाजी नाही आणि चाचणीही नाही. वेगवेगळ्या देशांत ऋतूनुसार आयएनआर कसा हलतो हे तपासले गेले आहे आणि उत्तरे एकसारखी आलेली नाहीत. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. ऋतू ताटातून काम करतो म्हटल्यावर प्रत्येक देशाचे ताट वेगळे असणारच.

पण प्रवासाचा या चाचणीशी एक वेगळाच संबंध आहे, आणि इतिहासाचा माणूस नसतानाही मी त्यावर तासभर बोलू शकतो. एक काळ असा होता की रुग्णाच्या शरीरात तिळभर फरक न पडताही, केवळ एका देशातून दुसऱ्या देशात गेल्याने त्याचा आकडा बदलायचा. चाचणीचा पाया १९३५ मध्ये आर्मंड क्विक या अमेरिकी डॉक्टरने घातला. रक्ताच्या नमुन्यात थ्रॉम्बोप्लास्टिन नावाचे द्रव्य घालायचे आणि साकळायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. हे द्रव्य प्राण्यांच्या मेंदूतून काढत. अमेरिकेत सशाच्या मेंदूतून काढलेले चालायचे, तर ब्रिटनमध्ये मँचेस्टरच्या लिऑन पोलर यांनी मानवी मेंदूपासून केलेले प्रमाण द्रव्य रूढ झाले. ब्रिटिश द्रव्य गोळीचा परिणाम तीव्रतेने दाखवायचे, अमेरिकी द्रव्य कमी दाखवायचे. डॉक्टर दोन्हीकडे पुस्तकात दिलेले तेच गुणोत्तर गाठायला पाहत. म्हणजे अमेरिकेतला रुग्ण तोच आकडा गाठण्यासाठी जास्त गोळ्या खायचा आणि त्याला रक्तस्राव जास्त व्हायचा.

कॅनडात रसेल हल, जॅक हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची मात्रा सशाच्या मेंदूच्या चाचणीवर ठरवली, दुसऱ्याची मँचेस्टरच्या द्रव्यावर. १९८२ मध्ये निष्कर्ष छापून आले: पहिल्या गटात २२ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला, दुसऱ्यात ४ टक्के. गुठळ्या पुन्हा होण्यात मात्र फरक दिसला नाही. इतकी वर्षे लोक रक्त वाहवत होते ते गोळीमुळे नव्हे, मापामुळे! आपल्याकडे पायली-शेराची मापे गावागणिक वेगळी असायची आणि गरीब माणूस प्रत्येक बाजारात थोडा थोडा नागवला जायचा, तसाच हा प्रकार.

१९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तोडगा स्वीकारला. प्रत्येक द्रव्याची तुलना एका प्रमाण द्रव्याशी करायची, त्यावरून त्याला एक अंक द्यायचा, आणि गुणोत्तर त्या अंकाच्या घातात चढवायचे. जे येते ते आयएनआर, यातला आय म्हणजे इंटरनॅशनल. मुंबईत आलेला २.८ आणि जेद्दाहमध्ये आलेला २.८ एकच मानता येतो तो यामुळे. म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर नुसते सेकंद असतील तर ते पुरे नाहीत, आयएनआर लिहून मागावा. आणि जमेल तितकी तपासणी एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण इतके करूनही थोडा फरक राहतोच.

प्रवासात आणखी एक धोका असतो तो बसून राहण्याचा. १९४० मध्ये लंडनवर जर्मन बाँब पडत होते तेव्हा लोक रात्र रात्र आसऱ्याच्या जागी घडीच्या खुर्च्यांवर बसून काढत. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या लक्षात आले की अशा आसऱ्यांतल्या माणसांत फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढले आहेत. खुर्चीची कड मांडीखाली रुतते, पाय हलत नाहीत, शिरेत रक्त साचते. १९५४ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक जॉन होमन्स यांनी विमान आणि मोटारीच्या लांब प्रवासातही हेच होते असे दाखवले. आपल्या लोकांना हे विमानात आठवते. रात्रभराच्या एसटीत आणि खच्चून भरलेल्या जीपमध्ये पाय हलवायला तेवढीही जागा नसते, हे कोणी धरत नाही. दर दोन तासांनी उतरून चार पावले टाकावीत आणि पाणी प्यावे. लघवीला जावे लागेल म्हणून आपल्या बाया दिवसभर पाणी न पिता प्रवास करतात, त्याचा विचार कोणी केला पाहिजे.

मग उमरा, हज आणि रमजान. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणून तेहतीस वर्षांत तो सगळ्या ऋतूंतून फिरतो. मागच्या दशकात तो आमच्या पावसाळ्यात होता, आता थंडीकडे सरकला आहे. सिंगापूरमध्ये वॉरफरिन घेणाऱ्या मुस्लिम रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात रोज्यांच्या महिन्यात आयएनआर थोडा चढला आणि नंतर पुन्हा उतरला. ज्यांचा आकडा स्थिर असतो त्यांच्यापैकी अनेकांना डॉक्टर रोजे ठेवू देतात, गोळी इफ्तारनंतर ठरलेल्या वेळी. पण ॲसिट्रॉम शरीरातून वॉरफरिनपेक्षा खूप लवकर निघून जाते, त्यामुळे एक दिवस चुकला तरी जाणवतो. तरावीहहून येऊन झोप लागली आणि गोळी राहिली, हे रमजानात फार होते.

हजमध्ये ऊन आणि चालणे. जून २०२४ च्या हजला मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारच्या सांगण्याप्रमाणे १,३०१ माणसे दगावली. त्यांतली बहुतेक परवान्याशिवाय आलेली होती, म्हणजे ज्यांना ना तंबू मिळाला ना थंडगार बस. पुढची काही वर्षे हज उन्हाळ्यातून बाहेर सरकत जाईल, तरी शरीरातले पाणी कमी होणे, भूक मरणे, तिथल्या गर्दीत हमखास येणारा खोकला-ताप आणि त्यावरची औषधे हे सगळे राहणारच. जाण्याच्या आठवडाभर आधी आणि तिथे गेल्यावर एकदा चाचणी करावी. गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, प्रिस्क्रिप्शनसकट ठेवाव्यात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्याची मात्र काळजी नको.

सूरह बकरामध्ये रोज्यांची सवलत देताना रुग्ण आणि मुसाफिर यांचा उल्लेख एकत्रच केला आहे. मरीज आणि मुसाफिर. मी वर्गात उर्दू शिकवताना हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहितो. रुग्ण असलेला मुसाफिर दोन्ही कारणांनी सवलतीला पात्र असतो, आणि तरी आपल्यातलेच लोक सर्वांत जास्त हट्ट त्याच वेळी करतात. अल्लाहने दिलेली सवलत नाकारणे हा तक्वा कसा, हे मला कधी समजले नाही.

हिजामाबद्दलही सांगितले पाहिजे. गेल्या काही वर्षांत आपल्या मोहल्ल्यांत त्याची शिबिरे वाढली आहेत. त्यात कातडीला चिरा देतात. रक्त साकळू न देणारी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय त्यात बसू नये, आणि शिबिर घेणाऱ्याने आधी गोळ्यांची चौकशी करावी. त्यासाठी गोळी बंद करून बसणे तर आणखी वाईट. दुसरा प्रश्न डुकराचा. ॲसिट्रॉम आणि वॉरफरिनचे औषधी द्रव्य कारखान्यात रासायनिक रीतीने बनते, त्याचा प्राण्याशी संबंध नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी टोचतात ते हेपरिन वेगळे. १९१६ मध्ये जे मॅकलीन या विद्यार्थ्याच्या कामातून त्याचा शोध सुरू झाला, ते कुत्र्याच्या यकृतापासून मिळाले म्हणून नाव हेपरिन. आज ते बहुतांशी डुकराच्या आतड्यापासून काढतात. जिवावरच्या प्रसंगी इज्तिरारचा नियम आहे, आणि ती चर्चा मुफ्तींशी आधी करून ठेवावी. ऑपरेशनच्या टेबलाजवळ नव्हे.

"आता नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांना चाचणीच लागत नाही," असेही ऐकू येते. खरे आहे. २०१० च्या सुमारास डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सबान, ॲपिक्सबान आल्या, त्यांच्यावर पालेभाजीचा परिणाम होत नाही. पण धातूची झडप बसवलेल्यांवर डॅबिगॅट्रानचा प्रयोग झाला तो गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावा लागला. आणि घशाच्या तापातून झडप खराब झालेल्या रुग्णांवर भारतासह आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचा निष्कर्ष आला: रिव्हारोक्सबानपेक्षा जुनीच गोळी सरस, मृत्यूही कमी. हा आजार दाटीवाटीच्या, गरीब घरांतला. श्रीमंत देशांत तो जवळपास संपला. म्हणजे ज्यांच्यासाठी चाचणी सर्वांत अवघड, त्यांच्याच नशिबी चाचणी लागणारी गोळी.

अवघड म्हणजे किती, तेही पाहा. माझ्या ओळखीच्या घरांतले लोक आयएनआरसाठी वापी, वलसाड, बोईसर किंवा मुंबई गाठतात. डहाणू रोडपर्यंत लोकल १६ एप्रिल २०१३ पासून येते, त्याने खूप सोय झाली. पण तलासरीच्या आतल्या पाड्यावरून स्टेशन गाठण्यातच सकाळ जाते, आणि एक दिवसाची मजुरी बुडते. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आले आणि गाड्या अडकल्या. त्या आठवड्यात ज्याची चाचणीची तारीख होती त्याने काय केले असेल? पावसाळ्यात ताट बदलते तेव्हाच रस्ता बंद होतो. बोटाला टोचून एका थेंबावर आयएनआर सांगणारी छोटी यंत्रे मिळतात. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून मोफत होऊ शकते, तर असे एक यंत्र प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात का असू नये, हा प्रश्न मी ग्रामसभेत विचारला आहे आणि इथेही विचारतो.

ब्रिटनमध्ये या रुग्णांना पिवळ्या कव्हरची वही देतात, ती ते कायम जवळ बाळगतात. फुफांची वही म्हणजे लांब उर्दू हस्ताक्षरातला दुकानाचा हिशेब होता, उजवीकडून डावीकडे, आणि मधेच कुठेतरी आयएनआर. वापीच्या डॉक्टरांना ती वाचता येईना. आता दोनशे पानी वहीत मी त्यांना रकाने आखून दिले आहेत: तारीख, आयएनआर, गोळी किती, आणि सगळ्यात रुंद चौथा रकाना, ज्यात ते ताप, जुलाब, नवे औषध, कुठे गेलो आणि किती दिवस हे लिहितात. गेल्या जूनमध्ये त्यात त्यांनी लिहिले होते: "टाकळ्याची भाजी, सलग सहा दिवस. फुफी ऐकत नाही." त्या आठवड्यात आकडा १.९ आला. डॉक्टरांनी चौथा रकाना वाचला, मात्रा किंचित बदलली आणि दहा दिवसांनी पुन्हा बोलावले.